बकस्किन धारेमागचा धूर

पहिल्याच सकाळी मेव्हिस टटलनं बजावलं, की या मनोऱ्यात माणसांची नावं घ्यायची नाहीत.

"मी तुला विचारलं काय, तर तिथं काय दिसतंय. आणि तू मला सांगतेयस काय, तर लुंडीनच्या सुनेनं भल्या सकाळी चूल का पेटवली."

"पण ती लुंडीनच्याच घराची चिमणी आहे," सिग्ने म्हणाली. "ऑगस्टमध्ये कुणी उगाच चूल पेटवत नाही. बाळाला बरं नसणार."

"मला इथून बाळ दिसत नाही. धूर दिसतो. किती अंशावर ते सांग, किती मैल ते सांग, रंग सांग, कुठं झुकतोय ते सांग, बूड दिसतंय का सांग. बाळाचं मी जेवताना ऐकेन."

सिग्ने टॉर्विक त्रेसष्ट वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं तिनं त्या खोऱ्यात शाळेची पिवळी बस चालवली होती. लग्न केलं नाही. बसशीच लागलं, असं लोक म्हणत आणि तीही म्हणे. कुठल्या घराच्या फाटकाशी पोर उशिरा येतं, कुठल्या घरात आदल्या दिवशी भांडण झालं, कुणाच्या डब्यात आठवडाभर नुसता पाव असतो, हे सगळं तिला स्टिअरिंगवर बसल्या बसल्या कळायचं. तिला माणसांबद्दल कुतूहल होतं, अगदी भोचकपणाच्या काठावर जाणारं. पण पोरांना ते आवडायचं, कारण बाकी कुणी त्यांना इतके प्रश्न विचारत नसे. मग खोऱ्यातली पोरं कमी होत होत सातावर आली, शाळा बंद झाली, आणि सात पोरांना त्यांचे आईबाप शहराच्या शाळेत पोचवू लागले. बस कुणीतरी विकत घेतली आणि तिच्यात कोंबड्या ठेवल्या. सिग्नेला दोन वर्षं सकाळी पाचला जाग येत राहिली आणि उठून करायला काही नव्हतं.

म्हणून टिनकप डोंगरावरच्या वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्याला शनिवार-रविवारसाठी स्वयंसेवक हवा आहे, अशी चिठ्ठी टपाल कचेरीत लागली तेव्हा तिनं ती खिळ्यासकट काढून आणली. दुसऱ्या कुणी वाचायला नको. तिला ती जागा हवी होती. का हवी होती ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तिचं तिला स्वच्छ कळत होतं: सगळं खोरं पुन्हा एकदा तिच्या हवाली होणार होतं.

शुक्रवार ते रविवार शिकवणी. रविवारी संध्याकाळी मेव्हिस एका कागदावर सही करणार किंवा करणार नाही. मेव्हिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चणीनं लहान, चाळीस उन्हाळे या केबिनमध्ये काढलेली, आणि आजवर तिनं सही केलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून वर अंगठा उरेल एवढी.

"नियम दोनच," ती म्हणाली होती. "दर पंधरा मिनिटांनी चारी बाजू बघायच्या, पोटात दुखत असलं तरी. आणि धूर दिसला की पहिला शब्द रेडिओवरून खालच्या आग-केंद्राला. नवऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही, देवाला नाही. केंद्राआधी दुसऱ्या कुणाला फोन केलास तर त्याच दिवशी गाठोडं बांधायचं."

"मला नवरा नाही."

"तेवढी तरी काळजी मिटली."

केबिन चारी बाजूंनी काचेची. मधोमध एका खांबावर लोखंडी तबकडी, तिच्यात खोऱ्याचा गोल नकाशा, कडेनं तीनशे साठ अंशांच्या खुणा. तबकडीवर समोरासमोर दोन पट्ट्या. एका पट्टीच्या फटीतून बघायचं आणि दुसऱ्या पट्टीत ताणून बसवलेला घोड्याच्या शेपटीचा केस धुराच्या बुडाशी आणायचा. मग खाली अंश वाचायचा.

"तारच का नाही लावली?" सिग्नेनं विचारलं.

"तार चमकते. केस चमकत नाही."

"कुठल्या घोड्याचा?"

मेव्हिसनं तिच्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "पहिला कुणाचा होता माहीत नाही. आत्ताचा बस्टरचा. तपकिरी होता. लाथा मारायचा."

आणि मग सिग्नेच्या प्रश्नांना जे भरतं आलं ते आलं. वीज पडत असताना ज्या स्टुलावर बसायचं त्याच्या पायांना काचेचे पेले का? काचेतून वीज जात नाही. ट्रकचा फुफाटा धुरासारखा दिसला तर? तर तो सरकतो, धूर जागेवर राहतो. आणि देवदारांचे पराग उडतात ते? ते पिवळे, आणि जूनमध्ये. गवत जळतं तेव्हा पांढरा, लाकूड जळतं तेव्हा करडा, टायर नाहीतर घर जळतं तेव्हा काळा. आणि माणूस जेव्हा काहीतरी लपवून जाळतो तेव्हा?

"तेव्हा धुराचा रंग तोच असतो," मेव्हिस म्हणाली. "धुराला लाज नसते."

सिग्नेला एका गोष्टीनं मात्र चकित केलं, आणि तिच्या अभिमानाला ते जरा लागलंही. एकतीस वर्षं ज्या रस्त्यांवर ती डोळे मिटून गाडी चालवू शकली असती, ते खोरं वरून तिला ओळखूच येईना. खालून उंच वाटणाऱ्या टेकड्या वरून चपट्या झाल्या होत्या, आणि ज्यांना खाली कुणी नावही ठेवलं नव्हतं अशा डोंगरधारा मोठ्या होऊन आडव्या पडल्या होत्या. शाळा शोधायला तिला दहा मिनिटं लागली. "पाठीकडनं बघतेयस ना," मेव्हिस म्हणाली, "कुणालाही पाठीकडनं ओळखायला वेळ लागतो."

भावाचं घर तेवढं तिला पहिल्या फटक्यात सापडलं. एकशे एकोणचाळीस अंश, आठ मैल. हिरव्या पत्र्याचं छप्पर आणि पाटाकाठची पॉपलर झाडांची रांग. मेव्हिस म्हणाली, दुर्बीण लावून नीट बघ, आसपास काय काय आहे ते तोंडपाठ कर. सिग्ने म्हणाली, "ते नको. ते माझ्या जन्माचं घर आहे, पाठच आहे." आणि पुढच्या घराकडं वळली.

त्या घरात आता हॅल्वर एकटा राहायचा. सिग्नेपेक्षा सात वर्षांनी मोठा, हट्टी, बोलायला कंजूस. दर एप्रिलमध्ये तो पाटातलं वाळलेलं गवत जाळायचा, म्हणजे पाणी सोडलं की ते अडत नाही. वडील जाळायचे, आजोबा जाळायचे. यंदा एप्रिलमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पाट तसाच राहिला. उठून चालायला लागेस्तोवर जुलै संपला आणि जाळबंदी लागली. आता ऑक्टोबरपर्यंत उघड्यावर काडी ओढायची नाही. हॅल्वरला बंदी मान्य नव्हती. त्याला सरकारी कागदावरची कुठलीच गोष्ट कधी मान्य नव्हती, आणि दोन वर्षांपूर्वी बंदीत पाट जाळल्याबद्दल त्याला दंडही झाला होता. सगळ्या खोऱ्याला ते माहीत होतं.

वर येण्याआधीच्या रविवारी सिग्ने त्याच्याकडं जेवायला गेली होती.

"मी वर असताना काही पेटवू नकोस," ती म्हणाली. "मला सांगावं लागेल."

"तू वर असशील तोवर मी काडी ओढणार नाही," हॅल्वर म्हणाला.

"शब्द?"

"सांगितलं ना."

त्यावर त्यानं बटाटे पुढं सरकवले होते आणि विषय संपला होता.

शुक्रवारी दुपारी वादळ झालं. पाऊस जेमतेम एक सर, पण विजा भरपूर. सिग्नेला काचेच्या पायांच्या स्टुलावर बसवून मेव्हिस पडलेली प्रत्येक वीज नकाशावर पेन्सिलीनं मांडत होती. सिग्ने घाबरली होती आणि खूशही होती, आणि दोन्ही एकाच वेळी होता येतं याचं तिला नवल वाटत होतं. अकरा विजा मोजल्या. "बकस्किन धारेमागं एकदोन पडल्या असणार," मेव्हिस म्हणाली, "पण तिथलं इथून दिसत नाही. वीज झाडाच्या पोटात शिरून दोन-दोन दिवस झोपून राहते. मग उठते."

शनिवारी सिग्नेची फजिती झाली. सकाळी उन्हं आली आणि ओल्या दरीतून पांढरी वाफ ठिकठिकाणी वर चढू लागली. सिग्नेनं पाच धूर मोजले. तिनं अंश वाचले, रेडिओ उचलला आणि एका दमात पाचही आगी केंद्राला कळवून टाकल्या. मेव्हिस शेजारीच टोस्टवर हकलबेरीचा मुरंबा लावत बसली होती. तिनं अडवलं नाही.

केंद्रावर टायरल होता. तिच्या बसमधून दहा वर्षं गेलेलं पोरगं, तिसरीत तिच्या सीटमागं दोनदा ओकलेलं. तो फार अदबीनं म्हणाला, "मिस सिग्ने, त्यांना बूड आहे का? म्हणजे, जमिनीला टेकलेत का?"

सिग्नेनं पुन्हा बघितलं. पाचांतले तीन तोवर विरून गेले होते.

"यांना पाणकुत्री म्हणतात," रेडिओ खाली ठेवल्यावर मेव्हिस म्हणाली. "पावसानंतर धावतात. प्रत्येक नवशिक्याला एकदा चावतात."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं का?"

खोऱ्यात घरोघरी फ्रीजवर एक छोटा रेडिओ असतो आणि तो दिवसभर आगीच्या आणि पोलिसांच्या बोलण्यावर लावून ठेवलेला असतो. त्याच्याइतकी करमणूक दुसरी नाही. दुपारपर्यंत सिग्नेच्या फोनवर तीन जणांनी कुत्र्याची चित्रं पाठवली होती. ती हसली. पण आतून तिचं तोंड पोळलं होतं, आणि तिनं मनाशी ठरवून टाकलं की पुन्हा चारचौघांत हसं करून घ्यायचं नाही. आधी खात्री, मग रेडिओ.

रविवारी पावणेदोनला मेव्हिस पाण्याचे कॅन पाठीला बांधून झऱ्याकडं निघाली. उतरून चढून यायला तास तरी लागतो.

"मी जाते ना," सिग्ने म्हणाली.

"मी गेले नाही तर गुडघे विसरतील कशासाठी आहेत ते."

"तुम्ही नसताना धूर दिसला तर?"

"मी असताना जे करतेस तेच कर. फक्त माझ्याकडं बघू नकोस."

दोन वाजता सिग्नेनं चारी बाजू बघितल्या. काही नाही. ती कॉफी करायला वळली, परत येताना सहज आग्नेयेकडं नजर गेली, आणि पॉपलरच्या रांगेच्या डोक्यावर बारीक करडी रेघ उभी होती. घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

हॅल्वर, असं तिच्या मनात आलं. धूर असा शब्द आलाच नाही. नाव आलं.

पहिल्यांदा राग आला. शब्द देऊन जेमतेम आठवडा झाला. मग भीती वाटली. दुसऱ्यांदा सापडला तर या वेळी नुसत्या दंडावर भागणार नव्हतं. शेरीफ घरी येणार, आणि हॅल्वर शेरीफला काय बोलेल याचा नेम नव्हता. आणि कळवणार कोण, तर सख्खी बहीण, सगळ्या खोऱ्याच्या फ्रीजवर. आणि या सगळ्याखाली कालच्या पाणकुत्र्यांची लाज होतीच. आत्ता त्याला दोन शब्द सुनावले, त्यानं नळी घेऊन विझवलं, की धूरही नाही आणि प्रश्नही नाही. दोन मिनिटांचं काम.

फोनला रेंज यायची ती फक्त बाहेरच्या सज्जाच्या ईशान्य कोपऱ्यात, कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं तर. सिग्नेनं अंग बाहेर काढलं. पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. हा बाहेर पाटावर आहे, फोन स्वयंपाकघरात, तिची खात्रीच पटली. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"हॅल्वर, नळी घे आणि आधी ती आग विझव."

"कुठली आग?"

"माझ्यापुढं नाटकं नकोत. तुझ्या पाटावर धूर चाललाय. मी इथून बघतेय."

"मी सूप पितोय, सिग."

"तीनदा फोन केला, उचलला का नाहीस मग?"

"खुब्यात अर्धा किलो लोखंड आहे. खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो."

"मागच्या खेपेलाही तू हेच म्हणाला होतास. शेरीफ दारात उभा, मागं धूर, आणि तू म्हणतोस मी जेवतोय."

फोनवर मागं घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आईच्या घड्याळाची. मग चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"धूर कुठं झुकतोय?" त्यानं विचारलं.

"पूर्वेला."

"माझ्या अंगणात पान हलत नाहीये. माझा असता तर सरळ वर गेला असता. तुझ्या त्या तबकडीवर किती आहे?"

सिग्नेनं मान वळवून आतल्या तबकडीकडं बघितलं.

"बघितलंच नाहीस," हॅल्वर म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता, बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं. "फोन ठेव आणि बघ जा."

तिनं आत धाव घेतली. फटीला डोळा लावला, केस धुरावर आणला. एकशे त्रेचाळीस अंश. हॅल्वरचं घर एकशे एकोणचाळीसला. आता नीट बघताना दिसलं, की धुराचं बूड पॉपलरमध्ये नाहीच. तो घराच्या कितीतरी मागं, बकस्किन धारेच्या पलीकडून उठतोय. दोन-अडीच मैलांचा फरक, आणि पुढं सगळं सरकारी जंगल. साधं शेंबडं पोरही तबकडीवर बघून सांगू शकलं असतं. पण तिनं बघितलं नव्हतं, कारण तिला माहीत होतं.

"केंद्र, टिनकप. धूर आहे." आपला आवाज स्थिर आहे याचं तिला नवल वाटलं. "एकशे त्रेचाळीस अंश. साडेदहा मैल. करडा, पूर्वेला झुकतोय, वाढतोय. बूड दिसत नाही, बकस्किन धारेमागं."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मिळालं, टिनकप," टायरल म्हणाला आणि त्यानं आग विझवणारी गाडी रवाना केली. लगेच गाडीवरच्या कुणाचा तरी आवाज आला, हसरा: "टॉर्विकच्या पाटाचा असेल. आम्ही आधी त्याच्या अंगणात डोकावतो."

सिग्नेच्याच मनातलं वाक्य कुणीतरी सगळ्या खोऱ्यासमोर बोललं होतं.

"टॉर्विककडं नाही," ती म्हणाली. "एकशे त्रेचाळीस. धारेमागं. सरळ तिकडं जा."

मेव्हिस तीनला धापा टाकत वर आली. तिला वाटेवरून धूर दिसला होता. तिनं पाठीवरचं पाणीही उतरवलं नाही, आधी फटीला डोळा लावला, मग नकाशावर बोट फिरवलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मग पाणी उतरवलं.

पाचच्या सुमारास गाडीवरून खबर आली. विजेनं उभं चिरलेलं एक फरचं झाड, शुक्रवारचं. खाली अर्धा एकर जळून गेलं होतं, कडेनं चर खणून झाला होता. आणखी अर्धा तास गेला असता तर आग उताराला लागली असती आणि मग आठवडाभर कुणाला झोप मिळाली नसती, असं तो पोरगा म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

मेव्हिसनं खाटेखालची पेटी ओढली, आतून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पेन ठेवलं. ती खूश होती. खूश असली की तिचे कान हलायचे. मग तिनं नोंदवही उघडली आणि सिग्नेनं लिहिलेली ओळ वाचली.

"अकराला दिसला, वीसला कळवला. नऊ मिनिटं?"

"हो."

"नवशिक्याला लागतात, अंश पडताळायला. कालच्या कुत्र्यांनी चावल्यावर तर लागणारच. कारणाच्या रकान्यात तसंच लिही. 'अंश पडताळत होते.' सहाला वाचून दाखव, मग मी सही करते."

रोज संध्याकाळी सहाला सगळे मनोरे एकामागून एक दिवसाची वही रेडिओवर वाचतात. किती धूर दिसले, कधी दिसले, कधी कळवले, उशीर झाला असेल तर का झाला. पंचावन्न वर्षांची रीत आहे आणि सारं खोरं ती जेवणाच्या ताटावर बसून ऐकतं.

सिग्नेनं पेन हातात धरलं. मेव्हिसला फोनबद्दल माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त हॅल्वरला, आणि हॅल्वर कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता. तीन शब्द लिहिले की खोरं तिच्या हवाली होत होतं. आणि ते शब्द खोटेही नव्हते. अंश तिनं पडताळला होताच, शेवटच्या मिनिटात. पण तिला राहून राहून चमचा खाली ठेवल्याचा तो आवाज ऐकू येत होता. सगळं खोरं आज टेबलावर बसून म्हणत असणार की हॅल्वरचाच पाट असेल. तिनं ते सगळ्यांच्या आधी म्हटलं होतं.

तिनं रकान्यात लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. मेव्हिस खिडक्या पुसत होती, तिनं बघितलं नाही.

सहा वाजले. उत्तरेकडच्या मनोऱ्यानं वाचलं, काही नाही. पश्चिमेकडच्यानं वाचलं, काही नाही. मग टायरल म्हणाला, "टिनकप."

"टिनकप. एक धूर," सिग्ने म्हणाली. "पहिल्यांदा दिसला दोन अकराला. कळवला दोन वीसला. उशिराचं कारण." तिनं घसा साफ केला. "मला वाटलं, माझा भाऊ हॅल्वर टॉर्विक बंदीत पाट जाळतोय. म्हणून केंद्राआधी मी त्याला फोन केला. तो जाळत नव्हता. तो सूप पीत होता. तबकडीवर बघ, असं त्यानं सांगितल्यावर मी बघितलं. धूर त्याच्या घरापासून अडीच मैल पलीकडं होता. संपलं."

रेडिओ नुसता खरखरत राहिला. "मिळालं, टिनकप," टायरल शेवटी म्हणाला. "मिळालं, मिस सिग्ने."

मेव्हिसच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं होतं. ती टेबलापाशी आली. पेन उचलून खिशात ठेवलं, कागदाची दुमडून चौकोनी घडी केली आणि पेटीत परत टाकली.

"नाव घेतलंस," ती म्हणाली.

"हो."

"आधी फोन केलास आणि वर रेडिओवर नाव घेतलंस."

"हो."

मेव्हिस खाटेवर बसली. "नियम नियम आहे, सिग्ने. मला सही करता येणार नाही."

"माहीत आहे."

"जूनमध्ये परत ये. पहिल्या दिवसापासून शिकायचं. पाणकुत्र्यांपासून."

सिग्नेनं मान डोलावली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. दहा महिने. सकाळी पाचला उठून दहा महिने काय करायचं? तिनं आपली गोधडी गुंडाळायला घेतली. तेवढ्यात खिशात फोन थरथरला आणि लगेच बंद झाला. ती सज्जाच्या ईशान्य कोपऱ्यात गेली, कठड्यावरून अंग बाहेर काढलं आणि उलट फोन लावला. या वेळी त्यानं पहिल्याच घंटेला उचलला. फोनशेजारीच बसला असणार.

"सुपाचं सांगायची गरज नव्हती," हॅल्वर म्हणाला.

"खरं ते सांगितलं."

"टोमॅटोचं होतं, ते नाही सांगितलंस. दिली का जागा?"

"नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाली."

पलीकडं खुर्ची करकरली.

"सिग, मी पाट जाळला."

"काय?"

"मंगळवारी. पहाटे. दव होतं, वारा नव्हता. दोन पिंपं पाणी भरून ठेवलं होतं. खुबा नुसता बोंबलत होता."

"हॅल्वर, बंदी आहे."

"आहेच की. तू शुक्रवारी वर जाणार होतीस. त्यानंतर पेटवला असता तर तुला मला कळवायला लागलं असतं. नाही कळवलं असतंस तर ती जागा गेली असती, आणि कळवलं असतंस तर तुझी झोप गेली असती. म्हणून आधीच उरकला."

सिग्नेच्या गळ्यात दुर्बीण लटकत होती. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. हिरवं छप्पर, पॉपलरची रांग, आणि रांगेच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली पाटाची काळीभोर रेघ. गवताची काडी शिल्लक नव्हती. जळायला तिथं काही उरलंच नव्हतं. तीन दिवस ती रेघ तिच्या समोर पडून होती.

"दिसला का?" हॅल्वरनं विचारलं.

"आत्ता दिसला," सिग्ने म्हणाली.